उसात एवढी गुणसूत्रं सोसतात कशी?

(दृश्य: पंचगंगेकाठचा फड. तोडणी चालू.)

बांधाच्या अलीकडे ऊस, पलीकडे शाळू. दोघंही गवताच्या कुळातले, तेही जवळचे भाऊबंद. पण शाळूच्या पेशीत गुणसूत्रं २०, आणि कोल्हापूरच्या गुऱ्हाळांत गाळल्या जाणाऱ्या आजच्या ऊसवाणांत १०० ते १३०. शाळूत ज्या जनुकाच्या दोन प्रती, त्याच्या उसात साधारण दहा.

एवढ्या प्रती आल्या कुठून, हे सगळे विचारतात. त्या सोसतात कशा, हा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो.

जनुकाची जादा प्रत म्हणजे उत्क्रांतीचा कच्चा माल, हे जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये ठासून मांडलं. मूळ प्रत रोजचं काम ओढते, दुसरी बदलायला मोकळी. पटण्यासारखं आहे. मात्र जनुकावरून बनणारं प्रथिन सहसा एकट्यानं काम करत नाही. त्याला साथीदार प्रथिनं लागतात, तीही ठरावीक प्रमाणात.

(दृश्य: खासबाग मैदान.)

तालमीत पैलवान वाढले आणि कुस्तीला जोड लागली नाही, तर ते कडेला बसून राहतील. पेशीत बिनजोड प्रथिन कडेला बसत नाही. त्याच्या गुठळ्या होतात, नाहीतर ते भलत्यालाच चिकटतं.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजारात हेच होतं. रक्तात प्राणवायू वाहणारं प्रथिन हिमोग्लोबिन म्हणजे दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या. बीटा कमी पडल्या की उरलेल्या अल्फा साचतात आणि तांबड्या पेशी नासतात. अशा रुग्णात अल्फा जनुकाची जादा प्रत असेल तर आजार बळावू शकतो. उलट अल्फाचंही एखादं जनुक गळालेलं असेल, तर त्रास बऱ्याचदा कमी होतो. म्हणजे एका बिघाडापेक्षा दोन बरे!

गुणसूत्रांचा सगळा संचच एकदम वाढला तर प्रमाण बिघडत नाही. यीस्टच्या एका पूर्वजात सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी असंच घडलं. त्याचा पुरावा १९९७ मध्ये मांडला गेला. पुढे बहुतेक जादा प्रती गळून गेल्या. पण प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमकडे पाहा. त्याच्या ७९ प्रथिनांपैकी ५९ प्रथिनांची जनुकं यीस्टमध्ये आजही दुहेरी आहेत. साथीदारांच्या प्रती शाबूत असताना एकट्याचीच गळाली, तर तिथेही प्रमाण बिघडतं.

उसाचं गणित आणखी सैल. दोनाच्या तीन प्रती झाल्या तर माल दीडपट होतो. दहाच्या अकरा झाल्या तर फक्त दहावा हिस्सा वाढतो. म्हणून एखादं गुणसूत्र कमीजास्त झालं तरी ऊस निभावून नेतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी.)

प्रती टिकल्या की नव्या जोड्याही जमतात. अल्फा आणि बीटा ही ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एकच जनुक होतं. संशोधकांनी ती प्राचीन प्रथिनं प्रयोगशाळेत पुन्हा घडवली आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले: पूर्वज प्रथिन स्वतःशीच जोडी करायचं, जनुकाची दुसरी प्रत झाल्यावर मोजक्या बदलांनी चार साखळ्यांची बांधणी जमली.

पोटातल्या बाळात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. तीही बीटाच्याच घराण्यातली प्रत, आणि तिच्यामुळे बाळाचं रक्त आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेतं. जन्मानंतर काही महिन्यांत बीटा तिची जागा घेते. जोडीदार अल्फा मात्र दोघींचा तोच.