जिगरी दोस्त, पक्के वैरी आणि पोट धरून हसवणारे सिनेमे

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी चार दोस्त एका खोलीत जमले की पहिला अर्धा तास ‘काय बघायचं’ यावर वाद घालण्यातच जातो. एकाला मारामारी हवी असते, दुसऱ्याला भुताखेतांचं, आणि तिसरा म्हणतो, काहीही लावा पण एकदाचं लावा. अशा वेळी हाताशी असावेत असे काही सिनेमे मी आज तुम्हाला सांगणार आहे. सगळे विनोदी, पण त्यांचा विनोद साधासुधा नाही. बेफाम, अचाट, घरातल्या थोरामोठ्यांनी आधी ‘हा काय वेडेपणा’ म्हणावं आणि पाचच मिनिटांत स्वतःच डोळे पुसत हसावं, असा विनोद. या सगळ्यांचा विषय एकच आहे, तो म्हणजे मैत्री आणि मैत्रीच्या पोटात दडलेली चढाओढ.

ही चढाओढ आपण सहसा बोलून दाखवत नाही. मित्राला आपल्याआधी चांगली नोकरी लागते. मैत्रिणीचं लग्न ठरतं आणि तिच्या भोवती नवीच माणसं दिसायला लागतात. आपण पेढा खातो, तोंडभरून अभिनंदन करतो आणि रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. हे घरी सांगता येत नाही आणि त्या मित्राला तर नाहीच नाही. चांगला अचाट विनोदी सिनेमा नेमकी हीच गोष्ट चव्हाट्यावर आणतो, आणि ती हसवत हसवत आणतो. म्हणून हे सिनेमे मला मनापासून मोलाचे वाटतात. ‘नुसता टाइमपास’ म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्यांशी मी भांडायला तयार असते.

पहिला सिनेमा पुण्यातलाच. नाव सांगायच्या आधीच तुम्ही ओळखलं असणार. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८ सालचा. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’मधली. पण सबनीसांनी ती पुण्यात आणून अशी बसवली की ती दुसऱ्या कुठल्या गावात घडू शकेल असं आज वाटतच नाही. कारण या गोष्टीच्या मुळाशी आहे खोली. भाड्याची खोली! शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेल्या आणि पेठांमधून कॉट बेसिसवर जागा शोधत वणवण केलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. घरमालक दारातच उभं करून अटी सांगतो, आपण मान डोलवत राहतो आणि मनात म्हणतो, आता ही जागा गेली तर झोपायचं कुठं?

सिनेमात अट आहे की जागा जोडप्यांनाच मिळेल. मित्र चार, बायका शून्य. मग दोघांनी साड्या नेसायच्या. इथून पुढं जे घडतं ते अचाटच आहे, पण त्याच्या खाली असलेली गरज शंभर टक्के खरी आहे, आणि सगळी गंमत तिच्यावर उभी आहे. चौघांना डोक्यावर छप्पर हवंय. म्हणून धनंजय माने झालेला अशोक सराफ ‘हा माझा बायको पार्वती’ म्हणून जातो तेव्हा आपण हसतोही, आणि आता बिंग फुटणार म्हणून आपल्या पोटात गोळाही येतो. दोन्ही एकाच क्षणी.

यावेळी बघाल तेव्हा डोहाळजेवणाचा प्रसंग जरा नीट बघा. ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं आपण लग्नाकार्यात इतकं ऐकलंय की मूळ प्रसंग काय आहे हेच विसरायला होतं. लक्ष्मीकांत बेर्डे गरोदर पार्वती झालाय आणि त्याचं कोडकौतुक अगदी रीतसर चाललंय. ‘बघा, आम्ही कशी गंमत करतोय’ असा भाव इथं कुणाच्याही चेहऱ्यावर नाही. प्रत्येकजण आपली थाप जिवापाड सांभाळतोय, कारण थाप फुटली तर सामान रस्त्यावर. नट प्रेक्षकांकडं बघून डोळे मिचकावायला लागला की अचाट विनोद तिथंच मरतो. हा सिनेमा तसं कधीच करत नाही.

आणि वैर? ते आहे घरमालक आणि भाडेकरू यांचं. सुधीर जोशींचे विश्वास सरपोतदार आठवा. औषधासाठी दिलेले सत्तर रुपये ‘वारले’ हे ऐकताना त्यांचा जो चेहरा होतो, त्यासाठी सुधीर जोशींना कितीही दाद दिली तरी कमीच पडेल.

आता दुसरा सिनेमा. त्याची दिग्दर्शिका पुण्याची, आणि तिची सुरुवात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर झालेली. सई परांजपे. १९८१ सालचा त्यांचा ‘चश्मे बद्दूर’ मी या यादीत सगळ्यात वर ठेवीन. मैत्रीतल्या मत्सराबद्दल इतका हसरा आणि इतका खरा हिंदी सिनेमा मला दुसरा माहीत नाही.

दिल्लीत एका खोलीत तीन दोस्त राहतात. फारुख शेखचा सिद्धार्थ अर्थशास्त्राच्या पुस्तकात डोकं घालून बसलेला, आणि राकेश बेदीचा ओमी व रवी बासवानीचा जोमो दिवसभर पोरींच्या मागावर. पानवाल्या लल्लनमियांची उधारी वाढत चाललीय. सिनेमा सुरू होतो तोच एक सिगारेट या हातातून त्या हातात फिरताना. तिघांमध्ये मिळून जे काही आहे ते असं वाटून घेतलेलं. मग समोर एक मुलगी दिसते, दीप्ती नवल. ओमी आणि जोमो आपापल्या परीनं तिच्यापर्यंत पोचतात. दोघांचीही फजिती होते. आणि दोघंही खोलीवर येऊन आपण किती मोठा पराक्रम गाजवला याच्या थापा ठोकतात. त्या थापा पडद्यावर हिंदी सिनेमातल्या प्रेमगीतांसारख्या दिसतात, बागेत, नाचत, गात. हा भाग तुफान आहे. दोघांनाही बहुधा मनातून ठाऊक असतं की समोरचा फेकतोय, पण एकमेकांपुढं हरायची लाज इतकी मोठी की थाप चढत जाते.

तीच मुलगी पुढं ‘चमको’ नावाची कपडे धुण्याची पावडर विकायला दारात येते. घरात असतो सिद्धार्थ. ती बादलीत कपडा बुडवून दाखवते, तो बघत राहतो, आणि त्यांचं जमतं. खरी गोष्ट इथून सुरू होते. आपल्याला जी नाही म्हणाली ती या पुस्तकी किड्याला हो म्हणते, हे दोघांना सहन होत नाही. ते मित्राच्या मनात तिच्याबद्दल विष कालवतात, आणि ते काम करतं. मित्र आतून मोडून पडतो. सई परांजपे इथं दोन-चार मिनिटं हसणं चक्क थांबवतात, आणि ती हिंमत मला फार आवडते. मग त्या पोरांना आपण काय करून बसलो ते कळतं आणि ते निस्तरायला ते पहिल्याहून मोठा वेडेपणा करतात. तो मी सांगत नाही. लीला मिश्रांची आजी त्यात आहे एवढं पुरे.

याच नावाचा एक नवा सिनेमा २०१३ साली आला. तो लावू नका, जुनाच लावा. नव्यात दंगा भरपूर आहे, पण वाटून ओढलेली ती सिगारेट त्यात नाही.

पुण्याचा आणखी एक धागा लॉ कॉलेज रस्त्यावरून निघतो. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथं शिकलेल्या कुंदन शहा यांनी १९८३ साली ‘जाने भी दो यारों’ केला. नसीरुद्दीन शहा, ओम पुरी, सतीश शहा आणि संकलक रेणू सलुजा हीसुद्धा सगळी त्याच संस्थेतली. सिनेमातल्या दोन फोटोग्राफर मित्रांची विनोद आणि सुधीर ही नावंही विधु विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा या आपल्या सोबत्यांवरून घेतलेली. मित्रांनी मिळून, हाती पैसा नसताना केलेला सिनेमा आहे हा, आणि तो जोश पडद्यावर दिसतो.

यात दोस्ती दोन गरीब पोरांची आणि वैर दोन धनदांडग्या बिल्डरांचं. ओम पुरीचा आहुजा दारूच्या नशेत भररस्त्यात एका शवपेटीपाशी थांबतो. त्याला ती बंद पडलेली मोटार वाटते आणि आतला मृतदेह म्हणजे ड्रायव्हर. तो त्याच्याशी गप्पा मारतो, मदत करू का विचारतो. उत्तर येत नाही म्हणून चिडतही नाही, उलट मायेनं वागतो. अख्ख्या सिनेमात त्या माणसाचा चांगुलपणा दिसतो तो एवढाच, आणि तोही प्रेताशी. पुढं महाभारताच्या नाटकात तेच प्रेत द्रौपदी होऊन उभं राहतं, तेव्हा हसून हसून श्वास अडकतो. पण शेवट मात्र कडू आहे हे आधीच सांगून ठेवते. वैरी पैशासाठी बघता बघता एक होतात आणि मार खातात ते दोस्त. हलकंफुलकं काहीतरी बघायचं असेल त्या दिवशी हा लावू नका. ज्या दिवशी लावाल त्या दिवशी मात्र मोबाइल बाजूला ठेवून बघा.

हलकंच हवं असेल तर १९९४ सालचा ‘अंदाज अपना अपना’. आमिर खान एका न्हाव्याचा मुलगा, सलमान खान एका शिंप्याचा, आणि दोघंही एकाच श्रीमंत मुलीवर डोळा ठेवून निघालेले. एक स्मृती गेल्याचं सोंग घेतो, तर दुसरा डॉक्टर होऊन त्याच घरात शिरतो. दोघं एकमेकांना पुरते ओळखून आहेत, म्हणून एकालाही दुसऱ्याचं बिंग फोडता येत नाही. वैऱ्यांना दोस्त करायची याहून भक्कम युक्ती मी पाहिलेली नाही. प्रदर्शित झाला तेव्हा याला फारसं यश मिळालं नव्हतं, लोकांनी तो पुढं घराघरात उचलून धरला. प्रियदर्शनचा २००० सालचा ‘हेरा फेरी’ तर तुम्हाला तोंडपाठ असेल, त्यामुळं बाबूराव आपट्यांना इथूनच नमस्कार करते आणि पुढं जाते.

आता जरा परमुलखात. लॉरेल आणि हार्डी यांचा ‘बिग बिझनेस’, १९२९ सालचा, वीसएक मिनिटांचा मूकपट. कॅलिफोर्नियाच्या कडक उन्हात हे दोघं दारोदार ख्रिसमसची झाडं विकत फिरतायत. एका घरमालकाला झाड नकोय. तो दार लावतो आणि झाडाची फांदी दारात अडकते. पुन्हा घंटा, पुन्हा दार, पुन्हा फांदी. मग तो झाड कापतो, हे त्याच्या दाराची नासधूस करतात, तो यांच्या मोटारीकडं वळतो, हे त्याच्या घराकडं. शेवटी एकीकडं मोटारीचे तुकडे, दुसरीकडं घराची धूळधाण. पण खरी मजा सांगते. एकजण मोडतोड करत असताना दुसरा त्याला अडवत नाही. शांतपणे उभा राहून पूर्ण बघून घेतो आणि मग आपला डाव खेळतो. भोवती जमलेली गर्दी इकडून तिकडं सरकत राहते, आणि पोलीस वहीत टिपत बसतो. आमच्या सोसायटीत गाडी लावण्याच्या जागेवरून दोन शेजाऱ्यांची जी लढाई चालते, ती अगदी याच शिस्तीत चालते.

आणि एक बायकांचा. या प्रकारच्या यादीत तो हटकून राहून जातो, म्हणून आवर्जून घेते. ‘ब्राइड्समेड्स’, २०११, लेखन क्रिस्टन विग आणि ॲनी मुमोलो या दोघींचं. लहानपणापासूनच्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय आणि तिला एक नवी, देखणी, पैसेवाली मैत्रीण मिळालीय. साखरपुड्याच्या पार्टीत जुनी मैत्रीण माइकवर दोन शब्द बोलते. लगेच नवी माइक घेते आणि चार बोलते. मग जुनी पुन्हा माइक घेते. असं करत करत परक्या भाषेतले शब्द येतात, शेवटी गाणंही येतं, आणि नवरी मुलगी बिचारी दोघींकडं बघत उभी. या सिनेमात अंगावर येणारे आणि किळसवाणे प्रसंगही आहेत. लहान मुलांना घेऊन बसू नका, आणि सासूबाईंना विचारूनच बसवा. पण लोक त्या किळसवाण्या प्रसंगांचंच नाव काढतात हे मला पटत नाही. त्याची खरी ताकद त्या माइकमध्ये आहे. ‘तिची जास्त जवळची कोण, तू का मी’ हे भांडण किती बायका आयुष्यभर मनात घेऊन फिरतात!

मित्रांबरोबर सिनेमा निवडताना माझी एक कसोटी आहे, ती वापरून बघा. हसू कुणाच्या जिवावर येतंय ते पाहायचं. दोन दोस्त एकमेकांची, म्हणजे बरोबरीच्याची, फजिती करत असतील तर खुशाल बघावं. पण दोघं मिळून तिसऱ्या दुबळ्याची, कुणाच्या रंगाची, जाडीची, तोतरेपणाची टर उडवत असतील तर तो सिनेमा बंद करावा. अचाटपणाला त्याची गरज लागत नाही. वरच्यापैकी माझे आवडते प्रसंग एकदा मनात आणून बघा, त्यातली फजिती ज्याची त्याची स्वतःची आहे.

आता कुठला कधी लावायचा तेवढं सांगते आणि थांबते. नव्यानं पुण्यात आलेला कुणी खोली शोधत असेल तर त्याच्यासोबत ‘बनवाबनवी’. आजीआजोबांना संवाद नीट ऐकू येत नसतील तर ‘बिग बिझनेस’. त्यात ऐकण्यासारखं काही नाहीच, सगळं बघायचं आहे. आणि ज्या मित्राशी गेले काही महिने तुमचं बोलणं तुटलंय, त्याला फोन करून ‘चश्मे बद्दूर’ला बोलवा. कारण विचारलं तर म्हणा, रेडिओवर सांगितलंय. नमस्कार.