काळ्या बंपरवरची पांढुरकी कळा

नमस्कार, श्रोतेहो.

नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला की आमच्या वर्कशॉपमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. "इंजिन ठणठणीत आहे हो, पत्र्याचा रंगही चांगला आहे, पण हा काळा बंपर बघा, पार पांढुरका पडलाय." कुणाचा बंपर, कुणाच्या चाकांवरच्या काळ्या कमानी, कुणाच्या टपावरच्या रेल, तर कुणाची वायपरखालची जाळी. गाडी काही वर्षं उघड्यावर उभी राहिली की विदर्भातच काय, सोलापूर-लातूरकडेही हेच. पुढे गाडी विकायला काढली की दलाल त्या पट्ट्यांवर बोट ठेवून भाव पाडतो, आणि मालकही मान खाली घालून तो भाव घेतो. मला याची फार हळहळ वाटते, कारण दहातल्या बहुतेक गाड्यांचं ते प्लास्टिक थोड्या मेहनतीनं पुन्हा काळंभोर होऊ शकतं.

हे प्लास्टिक आहे तरी कसलं? एकदा चाकाच्या बाजूनं बंपरच्या आत टॉर्च मारून बघा. साच्यातच उठवलेली बारीक अक्षरं सापडतात. 'पीपी' असतं, त्याला जोडून 'ईपीडीएम', आणि पुढे टी वीस असा काहीसा आकडा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम म्हणजे रबर, धक्का सोसण्यासाठी मिसळलेलं. टी वीस म्हणजे वीस टक्के टाल्क, शंखजिऱ्याची पूड. इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली हे पॉलिप्रॉपिलीन नीट घडवलं आणि १९६३ साली कार्ल झिग्लर यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे फियाट आणि अॅम्बॅसॅडर क्रोमचे चकचकीत बंपर मिरवत होत्या, त्या काळात फ्रान्समध्ये रेनॉ ५ ही गाडी १९७२ साली प्लास्टिकचे बंपर लावून रस्त्यावर आली. क्रोम गंजायचं. प्लास्टिक गंजत नाही, पण ऊन त्याला सोसत नाही.

या प्लास्टिकला काळा रंग येतो तो काजळीच्या पुडीमुळे, म्हणजे कार्बन ब्लॅकमुळे. ही काजळी उन्हानं सहजी उडून जाणारी नव्हे. उलट तीच ऊन अडवते. कारखान्यात सोबतीला ऊन सोसणारी आणखी काही रसायनंही घातलेली असतात. ती हळूहळू खर्ची पडतात. मग अतिनील किरणं आणि हवेतला प्राणवायू मिळून वरच्या पातळ थरातल्या लांब साखळ्या तोडू लागतात. पृष्ठभागाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, तुटलेल्या प्लास्टिकची आणि टाल्कची भुकटी वर येते, आणि प्रकाश त्या खडबडीतपणावर पडून चहूकडे विखुरतो. शाळेतली पाटी आठवा. खडूनं मळलेली पाटी पांढुरकी दिसते आणि ओलं फडकं फिरवलं की काळीभोर. पाटीचा काळेपणा कुठेच गेलेला नसतो. बंपरचंही बहुतेक वेळा तसंच असतं, आणि पुढचा सगळा इलाज या एका गोष्टीवर उभा आहे.

म्हणून पहिली परीक्षा पाण्याची. पट्टी साबणानं धुवा, मग तिच्यावर स्वच्छ पाणी ओता आणि ओली असतानाच बघा. काळी झाली? मग वरचा थर फक्त खडबडीत झालाय, त्याचे खळगे टिकाऊ पदार्थानं भरले की काम होईल. ओली असूनही करडी, डागाळलेली दिसते? मग झीज खोल गेली आहे. तिथे रंगद्रव्य असलेलं रिस्टोअरर, म्हणजे काळेपणा परत देणारं द्रव्य लागेल, नाहीतर सरळ रंगकाम.

आता धुण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण लोक इथेच घाई करतात. या प्लास्टिकवर चामड्यासारखी बारीक नक्षी असते. तिच्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, डांबराचे शिंतोडे, बोअरच्या पाण्याचे क्षार, आणि मुख्य म्हणजे पत्र्याला लावलेल्या पॉलिशचे पांढरे ओघळ जाऊन बसलेले असतात. वरवर फडकं मारून यातलं काही निघत नाही. गाडी सावलीत घ्या, हात लावून पट्टी गार आहे ना बघा. कार शाम्पूचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश, किंवा कपड्यांचा मऊ ब्रश. आधी आडवं घासा, मग उभं. सुरुवातीला फेस मातकट करडा निघतो. तो पांढरा निघेपर्यंत घासायचं. पाण्याचे पांढरे डाग राहिले तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्यानं पुसा आणि लगेच धुऊन टाका. डांबरासाठी वेगळा टार रिमूव्हर मिळतो. पट्टी पूर्ण वाळू द्या, खाचांतलं पाणीसुद्धा. शेवटी आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये निम्मं पाणी मिसळून एकदा पुसून घ्या, म्हणजे उरलासुरला तेलकटपणा जाईल. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहिलं, तर समजा तयारी झाली. यात सकाळ जाते. जाऊ द्या. वर लावलेला कुठलाही पदार्थ या तयारीच्या जिवावर टिकतो.

मग लावायचं काय? वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की पोरगा शेवटी एका डब्यातलं चकचकीत काहीतरी फासतो आणि बंपर नवाकोरा दिसू लागतो. ते बहुधा सिलिकॉन तेल असतं, काही ठिकाणी तर चक्क डिझेल. दोन पावसांत सिलिकॉन वाहून जातं, तोवर त्याच्यावर धूळ चिकटत राहते. डिझेलचं तर नावच काढू नका. ते आसपासच्या रबरी पट्ट्या फुगवतं आणि खराब करतं. पैसे देताना विचारा, यात काय आहे? तो तुमचा हक्क आहे. बुटाचं काळं पॉलिशही काही जण लावतात. पहिल्या पावसात त्याचे ओघळ पत्र्यावर उतरतात. खोबरेल कधी वाळत नाही, आणि चोवीस अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरातल्या आमच्या नागपूरच्या पहाटे ते बंपरवर पांढरं होऊन बसेल.

घरगुती उपायांत एकच मला पटतो, तो जवसाच्या उकळलेल्या तेलाचा, रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून खळग्यांत टिकून राहतं. अगदी पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं, आणि दिवसभर धुळीपासून जपायचं. पण त्या तेलाचा बोळा कोपऱ्यात टाकून देऊ नका. घट्ट होताना त्यात उष्णता तयार होते आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

खर्चाची तयारी असेल तर प्लास्टिकसाठीचं सिरॅमिक कोटिंग घ्या, म्हणजे वाळल्यावर पातळ, कडक थर होऊन बसणारं द्रव्य. छोटी बाटली एका गाडीला पुरून उरते. कडेच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावा, स्पंजावर थोडे थेंब घेऊन एकेक वीत पुढे सरका, आणि ते धरायच्या आत मायक्रोफायबरनं एकसारखं करा. एखादा ठिपका तसाच राहिला तर वाळल्यावर निघता निघत नाही. मग चोवीस तास पाणी नको. माझ्या मते दर महिन्याला पॉलिश फासण्यापेक्षा हा खर्च परवडतो. आधी बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे नजर जात नाही, तिथे लावून बघा मात्र.

हीट गनबद्दल विचारणारे आता पुष्कळ आहेत. मोबाइलवर बघून येतात, आणि दृश्य खरंच अचंबित करणारं असतं. गरम हवेचा झोत करड्या पट्टीवरून सरकतो आणि त्याच्या मागोमाग काळा रंग उमलत जातो. होतं असं की वरचा भुकटीचा थर वितळून पुन्हा एकजीव होतो. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण एकशे साठ अंशांना वितळतं आणि गनमधून येणारी हवा तीनशेच्या वर, कधी सहाशेपर्यंत असते. हात क्षणभर थांबला तर नक्षी सपाट होऊन तिथे चकाकणारा डाग उमटतो, आणि तो कायमचा. शेजारी रबरी बीडिंग असतं, रंग असतो, पार्किंगचे सेन्सर असतात. शिवाय खर्ची पडलेली रसायनं काही परत येत नाहीत, त्यामुळे कोटिंग दिलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा पांढुरकी. सराव असलेल्या माणसाकडून, सुट्या काढलेल्या पट्टीवर, आणि वर लगेच कोटिंग, या तीन अटींवर मी हो म्हणतो. गॅसच्या ज्योतीनं करणाऱ्याला मात्र गाडीला हात लावू देऊ नका.

रंगकाम करायचंच तर पेंटरला एवढंच विचारा : प्लास्टिक प्रायमर मारणार ना? पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही, उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. चिकटपणा देणारा तो खास थर आधी हवाच. मॅट काळा रंग मागा, चमकदार काळा कारखान्याच्या पट्टीशी जुळत नाही.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्याकडे उन्हाच्या जोडीला दमट हवा आहे. वायपरखालच्या जाळीत पानं कुजतात, खाचांत हिरवं शेवाळ धरतं. पावसाळ्यातही दर पंधरवड्याला ती जाळी मोकळी करा, त्याखालची पाणी जायची भोकं बुजली तर पाणी थेट गाडीत उतरतं.

हे सगळं करायला चांगला मुहूर्त म्हणजे दसऱ्याच्या आधीचा आठवडा. पाऊस ओसरत आलेला असतो, ऊन अजून तापलेलं नसतं, आणि गाडी तशीही पूजेसाठी धुवायचीच असते. फक्त हळदकुंकू काचेवर किंवा पत्र्यावर लावा, काळ्या पट्टीवर नको. नक्षीच्या फटीत बसलेली हळद सहजी सुटत नाही. लागलीच, तर त्याच संध्याकाळी साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं काढून टाका.