एकच कोड, पण फोटो फोनचे

गॅलरी अ‍ॅप म्हणजे काय, तर चौकटीत मांडलेले फोटो. चौकट मांडणं सोपं, म्हणून हे काम दोन दिवसांत उरकेल असं वाटतं. पहिल्या शंभर फोटोंपर्यंत उरकतंही. खऱ्या फोनवरचे हजारो फोटो भरभर सरकवले, की अ‍ॅप अडखळतं आणि मग बंद पडतं.

का? फाईल तीन एमबीची असली म्हणजे मेमरीतही तेवढीच जागा जाईल, असं आपण धरून चालतो. जेपेगमध्ये फोटो दाबून ठेवलेला असतो. पडद्यावर दाखवायला तो उलगडावा लागतो, आणि मग दर पिक्सेलला चार बाइट लागतात. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो उलगडला की ४८ एमबी. फ्लटर म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप बनवायचं साधन. त्याचा चित्रांसाठीचा कॅश, म्हणजे उलगडलेली चित्रं हाताशी ठेवायची मेमरीतली जागा, मुळात १०० एमबीचा असतो. त्यात असे दोनच फोटो मावतात, आणि पडद्यावर तर एका वेळी पंधरा-वीस दिसायचे असतात! तोच फोटो ३६० पिक्सेलच्या चौकोनापुरता उलगडला, तर अर्धा एमबीच लागतो. म्हणून माझा आग्रह असा, की रंग, बटणं, अ‍ॅनिमेशन सगळं नंतर, थंबनेल म्हणजे फोटोंच्या लहान प्रती आधी. ते फोनच्या यंत्रणेकडूनच मागून घ्या आणि चौकोन पडद्याजवळ आला की तेव्हाच मागा.

आता ‘एकच कोड’ या शब्दांकडे वळू. फ्लटर घ्या, नाहीतर तसंच दुसरं साधन रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्या, पडदा दोन्ही फोनांसाठी एकदाच लिहून होतो. फोटो मात्र फोनचे असतात. ते यंत्रणेच्या फोटो सांभाळणाऱ्या भागाकडे मागावे लागतात: अँड्रॉइडवर मीडियास्टोअरकडे, आयफोनवर फोटोकिटकडे. पडदा आणि हे दोघे यांच्या मध्ये आपला एक पातळ थर ठेवायचा: यादी दे, थंबनेल दे, मूळ फोटो दे. या थराच्या वर कुठेही ‘हा आयफोन आहे का?’ असा प्रश्न दिसला, तर थर चुकीच्या जागी पडलाय असं समजा.

तो थर लिहिताना फरक मनापासून मान्य करा. आयफोनवर मूळ फोटो फोनमध्ये नसून आयक्लाउडवर असू शकतो. तो येईपर्यंत लहान प्रत दाखवा. परवानगीचंही तसंच. आयओएस १४ पासून वापरकर्ता निवडक फोटोच दाखवू शकतो, अँड्रॉइड १४ मध्येही ती सोय आली. म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ‘एवढेच’ हे तिसरं उत्तर आहे, आणि त्या उत्तरासाठी नीट पडदा हवा. फोटो माणसाचे खासगी असतात. सगळेच द्या म्हणून त्याच्या मागे लागू नका.

फोटो पुसताना आयफोन स्वतःच खात्री करून घेतो. अँड्रॉइड ११ पासून, दुसऱ्या अ‍ॅपने काढलेला फोटो पुसायचा असेल तर तिथेही यंत्रणाच विचारते. तिथे आपली वेगळी ‘नक्की ना?’ची खिडकी काढून टाका, नाहीतर त्या माणसाला एकच प्रश्न दोनदा विचारला जाईल.