ऑथेल्लोचं वाक्य कुठे तुटतं

फोंडा तालुका. जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक उभं राहतं. गोव्यातले कितीतरी हौशी नट घरी कोकणी बोलतात आणि तोंडाला रंग लागला की मराठी. ती भारदस्त नाटकी मराठी त्यांनी थोरल्या नटांचं ऐकून ऐकून कमावलेली असते. म्हणून वाटतं, ऑथेल्लोचं दुखणं त्यांना लवकर कळेल.

देवलांनी १८९० साली ‘झुंजारराव’ म्हणून मराठीत आणला, तोच हा शेक्सपिअरचा ऑथेल्लो. व्हेनिस या परक्या शहरात मान मिळवलेला सेनापती. डेस्डेमोनाशी गुपचूप लग्न केलं म्हणून भर सभेत जाब विचारला जातो, तेव्हा तो म्हणतो, मला गोड बोलता येत नाही. आणि लढाया, वेढे, गुलामी, सगळी कहाणी अशी सांगतो की व्हेनिसचा प्रमुख ड्यूक म्हणतो, माझी मुलगीही हिला भुलली असती.

तिसऱ्या अंकात ऑथेल्लो आपल्या हाताखालच्या, पण आतून त्याच्यावर डूख धरलेल्या इयागोला आपल्या दुय्यम अधिकाऱ्याबद्दल विचारतो, ‘कॅसिओ प्रामाणिक नाही का?’ इयागो तेवढाच शब्द परत करतो: ‘प्रामाणिक, महाराज?’ बायको आणि कॅसिओबद्दलचा संशय आत शिरतो तो ऑथेल्लोच्याच शब्दांतून.

मग चौथा अंक. डेस्डेमोनाचा रुमाल कॅसिओकडे आहे, असं इयागोनं ऑथेल्लोच्या मनात भरवलेलं आहे. पद्य सुटतं, गद्य येतं, तेही टिकत नाही. रुमाल... कबुली... रुमाल! नाकं, कान, ओठ... क्रियापदंच गळतात. तो घेरी येऊन कोसळतो. ही जागा ओरडून काढलेली मला पटत नाही. ओरडलं की शब्दांमधली पोकळी बुजते. जत्रेतल्या प्रेक्षकाचा कान संगीत नाटकांवर पोसलेला आहे; श्वास कुठे अडकला ते त्याला बरोबर कळतं.

त्याच अंकात, सायप्रस बेटावर, व्हेनिसहून आलेल्या पाहुण्यासमोर तो बायकोला मारतो. मग पाहुण्याला म्हणतो, ‘सायप्रसमध्ये आपलं स्वागत आहे.’ आणि लगेच, ‘बोकड आणि माकडं!’ ही जनावरं आधी इयागोच्या तोंडी आली होती. दरबारी रीत अजून जिभेवर आहे, पण तिला लागूनच इयागोची घाण बाहेर पडते.

आणि शेवटी, निजलेल्या डेस्डेमोनापाशी तो दिवा घेऊन येतो, तेव्हा पद्य परत येतं. संथ, देखणं. ‘कारण आहे, कारण आहे,’ असं घोकतो, पण कारणाचं नाव घेत नाही. मला चौथ्या अंकातल्या तुटक्या शब्दांपेक्षा या सलग ओळींची जास्त भीती वाटते. तालमीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. खून करायला निघालेला माणूस इतकं सुंदर का बोलतो, हे नटाला उमगल्याशिवाय पुढचा प्रवेश बसवूच नये.