मंत्र कोठून उठतो?

तमिळनाडूतील तिरुवण्णामलैच्या अरुणाचल पर्वतावरील ही विरूपाक्ष गुहा. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या विरूपाक्षदेवांची समाधी आत आहे आणि तिच्या सान्निध्यात रमण महर्षींनी १८९९ ते १९१६ हा काळ काढला. येथेच १९०७ साली गणपती मुनी आले. शास्त्रे वाचून झाली, जपही मन भरेपर्यंत केला, तरी तप म्हणजे काय हे उमगले नाही, असे म्हणून संस्कृतच्या या प्रकांड पंडिताने महर्षींचे पाय धरले.

‘मी’ हा भाव जेथून उठतो तेथे पाहत राहिल्यास मन तेथेच लीन होते, तेच तप. आणि मंत्र जपताना त्याचा नाद जेथून उठतो तेथे लक्ष ठेवल्यास मन तेथेच लीन होते, तेही तप, असे महर्षींनी सांगितले. साधनांची तुलना करताना हे उत्तर समोर ठेवावे, कारण जप श्रेष्ठ की ज्ञान, हा वादच त्यात उरत नाही.

योगसूत्रांचे कर्ते पतंजली चित्त एका ठिकाणी बांधण्यास धारणा म्हणतात आणि त्याच प्रत्ययाचा, म्हणजे त्याच एका जाणिवेचा, अखंड प्रवाह म्हणजे ध्यान. ‘मी’चा उगम शोधण्याच्या महर्षींच्या मार्गात, म्हणजे आत्मविचारात, मनाला असे निराळे आलंबन, म्हणजे टेकायला आधार, दिले जात नाही. विचार उठला की तो कोणाला उठला हे पाहायचे, ‘मला’ असे जाणवताच हा मी कोण याकडे वळायचे. ‘मी ब्रह्म आहे’ असे मनात घोळवत बसायचे नाही, कारण तोही एक विचारच. चिता ढवळणारी काठी शेवटी चितेतच जळते, तसा हा शोध इतर विचारांना संपवून स्वतःही संपतो, असा दृष्टान्त महर्षींनी दिला आहे. प्राणायामाने मन शांत होते, मात्र श्वास मोकळा होताच ते पुन्हा धावू लागते, हेही त्यांनी सांगितले आणि आमच्या मते प्रत्येक साधकाने ते आधी ऐकावे.

योग आणि भक्ती यांना असेच शेजारी ठेवून ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागवणाऱ्या योगमार्गाचे, म्हणजे पंथराजाचे, सविस्तर वर्णन करणारे ज्ञानदेव बाराव्यात अव्यक्ताच्या, म्हणजे निर्गुणाच्या, उपासनेतील कष्ट सांगून भक्तीकडे नेतात.

अरुणाचल पर्वताभोवतीची ही १४ किलोमीटरची प्रदक्षिणाही भक्तीचीच. ज्याला आत्मविचार झेपत नसेल त्याने शरण जावे, असे सांगणाऱ्या महर्षींनी भिक्षेला निघणाऱ्या शिष्यांना गाता यावी म्हणून १०८ कडव्यांची तमिळ अक्षरमणमाला रचली. हृदयात तुझे स्मरण करणाऱ्यांचा अहंकार तू समूळ उपटतोस, असे तिच्या पहिल्याच कडव्यात अरुणाचलाला म्हटले आहे.