सीमेवर अडवलेलं गाणं

ड्रम आणि बेसची ही जुगलबंदी नीट ऐका. वाजवणारे आहेत स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपियर, जमैकातली नावाजलेली जोडी. स्टुडिओ किंग्स्टनचा, टफ गाँग. आणि गाणारा? पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचा टिकेन जा फाकोली. जुन्या वसाहतींवरची पकड फ्रान्स अजून का सोडत नाही, असं तो फ्रेंचमध्येच विचारतोय. अल्बमचं नाव ‘फ्राँसाफ्रिक’, साल २००२.

त्याच्या देशात रेगेला, म्हणजे या जमैकन संगीताला, ही धार आधीच चढली होती. तिथल्याच अल्फा ब्लाँडी या गायकाने १९८२ मध्ये पोलिसांच्या धाडीत बसलेल्या मारावर गाणं केलं, ‘ब्रिगादिए साबारी’. गायलं जुला भाषेत. जुला म्हणजे बाजारहाटाची बोली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही ती कळते. वर्तमानपत्र वाचणारे मोजके, कॅसेट ऐकणारे अगणित. सत्तेला धास्ती वाटते ती इथे.

टिकेन उत्तरेकडच्या ओदिएन्नेचा. ‘खरा आयव्हेरियन कोण’ या राजकारणात उत्तरेच्या लोकांच्या नागरिकत्वावरच बोट ठेवलं जात होतं. तो त्याविरुद्ध गात राहिला. सप्टेंबर २००२ मध्ये बंड झालं, देश दुभंगला. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याचा मित्र, विनोदी नट कामारा येरेफे याचा खून झाला. टिकेनलाही जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. त्याने शेजारच्या मालीत, बामाकोला बिऱ्हाड हलवलं.

डिसेंबर २००७. सेनेगलची राजधानी डाकार. भर कार्यक्रमात त्याने राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांना सुनावलं: देशावर प्रेम असेल तर खुर्ची सोडा. लगेच सेनेगलचे दरवाजे बंद झाले, ते २०१० पर्यंत. परक्या देशात जाऊन असं बोलावं का? बोलावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. वसाहतींच्या काळात आखलेल्या त्या सीमा त्याच्या श्रोत्यांनी कधी मानल्या नाहीत. त्याने तरी का मानाव्यात? जून २०१५ मध्ये काँगोतही तेच झालं. किन्शासाच्या विमानतळावरूनच त्याला माघारी धाडलं.

धमक्यांनी त्याचा आवाज खाली आला नाही. ‘आफ्रिकन रिव्होल्यूशन’ या २०१० च्या अल्बममध्ये रेगेच्या ठेक्यासोबत मालीची नगोनी आणि कोरा ही तंतुवाद्यं वाजतात, आणि शीर्षकगीत तरुणांना सांगतं, शाळेत जा. नुसतं सांगून तो थांबला नाही. ‘एक मैफल, एक शाळा’ ही मोहीम त्याने सुरू केली. मैफलींच्या पैशांतून वर्ग बांधायचे, गाणं ऐकून समजणाऱ्यांच्या मुलांना वाचताही यावं म्हणून.