सावंतवाडी: एकशेवीस गोल पानं

(दृश्य: मोती तलाव, काठावरचा राजवाडा, रस्त्यावरची वर्दळ)

गोव्याला निघालेल्या गाड्या पूर्वी निदान चहापुरत्या तरी सावंतवाडीत थांबायच्या. आता महामार्ग झारापवरून शहराला बगल देऊन थेट गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला जातो. त्यामुळे सावंतवाडी बघायची तर मुद्दाम आत वळावं लागतं. वळा.

(दृश्य: चितारआळी. दुकानांबाहेर मांडलेली लाकडी फळं, पाळणे, भातुकली)

ही चितारआळी. केळी, आंबे, वांगी, मिरच्या, काजूचे बोंडू, सगळं लाकडाचं. हातात घेतलं की वजनावरूनच फसवणूक कळते, कारण लाकूड पांगाऱ्याचं आहे. पांगारा हलका आणि मऊ, पटकन घडवता येतो. पाट, चौरंग, पोळपाट-लाटणं, पाळणा, भातुकली असा लग्नापासून बारशापर्यंतचा संसार या एका आळीत मिळतो. आमच्या कॅमेऱ्याचा पाय इथून निघत नव्हता. पण आम्ही आलो होतो पानांसाठी.

(दृश्य: राजवाड्यातला दरबार हॉल. चित्रकार कामात. कुंचल्याचं टोक, अगदी जवळून)

ही गंजिफा. पत्ते म्हणा हवं तर, पण गोल. हा खेळ मुघलांबरोबर हिंदुस्थानात आला. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या एका मित्राला गंजिफांचा संच पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफेत आठ रंग, म्हणजे इस्पिक-बदामसारखे गट, आणि ९६ पानं. इकडे आल्यावर त्याच खेळात विष्णूचे दहा अवतार येऊन बसले आणि पानं झाली १२०.

म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. पंजीवर पाच मासे, दश्शीवर दहा. आता जरा हिशोब करा. एका रंगात ५५ चिन्हं, दहा रंगांत ५५०. प्रत्येक चिन्ह हाताने काढलेलं. राजे-प्रधान अजून यात धरलेलेच नाहीत.

(दृश्य: चकत्या, खळीचं भांडं, घोटण्याचा दगड)

जुनी रीत अशी. चिंचोके दळून, शिजवून त्यांची खळ करायची. त्या खळीने कागदाचे किंवा जुन्या कापडाचे थर एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे आणि गोल चकत्या कापायच्या. मग पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा आणि चकती दगडाने घोटायची. बोट फिरवलं तर कुठेही अडकता कामा नये, इतकी घोटायची. रंग त्यानंतर. आधी सपाट जमीन, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, तीही प्रत्येक अवताराची वेगळी, म्हणजे हातातली पानं पंख्यासारखी धरली की नुसत्या रंगावरून अवतार ओळखू यावा. मग चिन्हं, मग बारीक रेघा. शेवटी लाखेचा हात, त्याने पान पाण्या-घामापासून वाचतं आणि खेळताना एकमेकांवरून सरकतं. आता तयार पुठ्ठा आणि बाजारातले रंग वापरतात. त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. रेघ अजून हाताचीच आहे.

(दृश्य: दोन राजे शेजारी-शेजारी. एकाला नक्षीदार किनार, दुसरा साधा)

ही दोन पानं नीट बघा. कलम म्हणजे चित्राची शैली. डावीकडे दरबारी कलम: भोवती किनार, आत बारीक नक्षी. उजवीकडे बाजार कलम: किनार नाही, झपाझप मारलेले फटकारे. पहिलं राजवाड्यासाठी, दुसरं तुमच्या-आमच्यासाठी. मला विचाराल तर बाजार कलमातले राजे जास्त जिवंत वाटतात. घाईत काढलेल्या डोळ्यांत मिस्कीलपणा उतरतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, संग्रहातले संच)

छापील इंग्रजी पत्ते स्वस्तात आले आणि गंजिफा मागे पडली. १९७० च्या दशकापर्यंत सावंतवाडीत हे काम जाणणारे अगदी मोजके उरले होते. पुंडलिक चितारी त्यांपैकी एक, आणि तेही वयाने थकलेले. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली, नुसती आश्रय देऊन थांबले नाहीत. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसत. राजवाड्यात तरुण चित्रकार तयार झाले, त्यांत मुलीही होत्या. २०१८ मध्ये राणीसाहेब गेल्या, पण काम थांबलं नाही.

(दृश्य: चटईवर पसरलेली पानं, तिघांचे हात)

खेळ तिघांत. वाटणी केली की प्रत्येकाकडे चाळीस पानं. हुकूम नाही, त्यामुळे पळवाट नाही. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगात वरचढ पान हवं. त्यात गंमत अशी की, निम्म्या अवतारांमध्ये राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांमध्ये एक्का मोठा. कोणतं पान पडून गेलं, कोणतं शिल्लक आहे हे डोक्यात ठेवावं लागतं. दिवसा खेळायला बसलात तर पहिली उतारी रामाच्या राजाची, रात्री बसलात तर कृष्णाच्या. इतका बुद्धीचा खेळ, आणि विकत घेणारे बहुतेकजण त्यातली चार पानं काढून फ्रेममध्ये घालतात! भिंतीवर लावायला हरकत नाही, पण एक संच खेळायला घ्या आणि विकणाऱ्याकडून नियम समजून घ्या.

(दृश्य: कुडाळजवळचं पिंगुळी. अंगण, गोठ्यातलं संग्रहालय, कळसूत्री बाहुल्या)

सावंतवाडीहून कुडाळच्या दिशेने गेलं की पिंगुळी. ठाकर समाजाचं गाव. इथे गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं राहिलं: ठाकर आदिवासी कला आंगण. ते उभारणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या आणि दिव्यापुढे धरायच्या चामड्याच्या बाहुल्या असं बरंच काही इथे आहे. आम्ही मात्र जास्त वेळ चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गायच्या कथेच्या, या पोथीपाशी थांबलो.

(दृश्य: चित्रकथीची पोथी. एकेक चित्र पुढे येतं)

पोथी म्हणतात, पण हिला शिवण नाही. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र पुढे उभं करतो, गातो, उलटतो आणि मागचं चित्र पुढे येतं. रामायण, महाभारत आणि त्यांना जोडलेल्या कितीतरी कथा. चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे. अशी काही चित्रं पैठणला सापडली म्हणून संग्राहकांनी या शैलीवर पैठणचं नाव लावलं आणि पुस्तकांतून तेच फिरत राहिलं. पिंगुळीच्या घराघरांत पोथ्या होत्या, त्या इतकी वर्षं पुस्तकं लिहिणाऱ्यांना दिसल्या नाहीत, हे जरा अतिच झालं.

(निवेदन नाही. वीणा, टाळ, हुडूक आणि गाणं. प्रसंग पूर्ण होईपर्यंत)

गंजिफा आणि लाकडी खेळणी यांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. चित्रकथी आता भिंतींवर, कापडावर, भेटवस्तूंवरही दिसते. पोथी लावून गाणारे मात्र थोडेच राहिले आहेत.

(दृश्य: कुडाळ स्थानक, उतरणारे प्रवासी)

कोकण रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरा, पिंगुळी तिथून जवळ. चित्रकथी देवळात बघायची असेल तर नवरात्रात या. एरवी संग्रहालयात आधी फोन करून गेलेलं बरं, कारण कार्यक्रमासाठी गाणारे आणि वाजवणारे एकत्र जमावे लागतात. सावंतवाडीला दिवस मोकळा ठेवा आणि सकाळी राजवाड्यात जा. चित्रकार कामाला बसलेले असतात, शेजारी बसून बघू देतात.